आधी भरती विचारा, मग वेळ ठरवा: मांडवीच्या कांदळवनात कायाक आणि पायी फेरी

पुण्याहून एका गृहस्थांनी विचारलं आहे: डिसेंबरअखेर चार दिवस गोव्यात आहोत. मी, पत्नी, 11 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांचे वडील. मांडवीच्या आतल्या बाजूला ‘गाइडसोबत कायाकिंग आणि कांदळवनात नेचर वॉक, तीन तास’ अशी जाहिरात पाहिली. पोहता फक्त मुलीला येतं. वडिलांच्या एका गुडघ्याची वाटी बदललेली आहे. जावं का, किती वाजता जावं, आणि मगरी दिसतात म्हणतात ते कितपत खरं?

जावं. वडिलांना कायाकमध्ये बसवू नये, त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे, ती पुढे सांगतो. मगरीकडेही येतो. पण आधी वेळेचं, कारण बाकीचं सगळं त्यावरच लोंबकळतं.

मी गेली 14 वर्षं मांडवीच्या आतल्या फाट्यांत आणि सिंधुदुर्गातल्या दोन-तीन खाड्यांत लोकांना घेऊन वल्हवतो. फोन करणारे शंभरातले नव्वद जण विचारतात, ‘किती वाजता येऊ?’ आणि ‘किती पैसे?’ त्या दिवशी भरती कधी आहे, हे क्वचितच कोणी विचारतं. तुम्ही तो प्रश्न पहिला विचारा. समोरचा माणूस ‘तुम्ही याल तेव्हा चालेल’ म्हणाला, तर दुसरा नंबर फिरवा. खाडीत ‘याल तेव्हा’ चालत नाही.

आमच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा सुकती येते. एका भरतीपासून सुकतीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर, आणि दुसऱ्या दिवशी सगळं चक्र साधारण 50 मिनिटं पुढे सरकतं. जुन्या मच्छीमारांचा तोंडी हिशोब असा: तिथीच्या आकड्याला 3 ने गुणा, 4 ने भागा, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला आणि अमावस्येला अकरा-बाराच्या दरम्यान. हा हिशोब मुंबईकडे जास्त चपखल बसतो. गोव्यात भरती थोडी आधी येते आणि नदीत आत शिरावं तशी पुन्हा उशिरा होत जाते, त्यामुळे गाइडने मुरगाव बंदराचं भरतीचं कोष्टक पाहिलेलं असलंच पाहिजे. पण कालनिर्णय हातात घेऊन घरबसल्या अंदाज बांधायला तिथीचा हिशोब पुरतो.

आता हा अंदाज वापरायचा कसा? कायाक भरतीच्या पाण्यावर, पायी फेरी सुकतीच्या चिखलावर. भरतीच्या दीड-दोन तास आधी पाण्यात उतरायचं. चढतं पाणी तुम्हाला कांदळवनाच्या आत घेऊन जातं, सगळ्यात लांबच्या टोकाला पोचता तेव्हा पाणी थबकलेलं असतं, आणि परतताना ओसरतं पाणी मागून रेटतं. येता-जाता दोन्ही वेळा पाणी तुमच्या बाजूने. पायी फेरीला मात्र भरतीच्या वेळी गेलात तर झाडांचे शेंडे आणि हिरवंगार पाणी दिसेल, एवढंच. खाली जे चालतं ते सगळं पाणी उतरल्यावर उघडं पडतं.

म्हणून दशमी ते द्वादशी या तिथी मला नवशिक्यांसाठी सगळ्यात आवडतात. सकाळी सहा-सातला कायाक, साडेनवाच्या आत किनारा, न्याहारी, आणि साडेदहानंतर चिखल उघडा पडायला लागला की चालायला निघायचं. शिवाय या तिथी अष्टमीच्या भांगाला लागूनच येतात, आणि भांगाला पाण्याची चढउतार कमी असते, ओढही कमी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा उलट क्रम: सकाळी सहा-सातला सुकतीवर चालणं, नऊ-साडेनऊला कायाक. होतं, पण उन्हात होतं, आणि वाऱ्यात.

वाऱ्याचं सांगायला हवं, कारण हिवाळ्यातल्या गोड सकाळी कोणाला ते पटत नाही. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, हलका. पाणी तेल ओतल्यासारखं. जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा उठतो, समुद्राकडून आत. त्याच वेळी सुकती लागलेली असेल तर पाणी बाहेर पळतंय आणि वारा आत ढकलतोय. मांडवीच्या रुंद पात्रात तेव्हा आखूड, उभ्या लाटा उठतात आणि नवशिक्याचे हात दहा मिनिटांत भरून येतात. म्हणून रुंद पात्र ओलांडायचं काम सकाळीच उरकावं. खरं तर कुटुंबाला घेऊन ते ओलांडूच नये. मुख्य पात्रात फेरीबोटी चालतात, बार्ज चालतात, पणजीकडे संध्याकाळी पर्यटकांच्या बोटींची रांग असते. बार्ज स्वतः हळू जाते, पण तिची लाट काठापर्यंत येते. अशी लाट आली तर कायाकचं तोंड तिच्याकडे करायचं, कूस द्यायची नाही.

भरतीचं मी एवढं का लावून धरतो, तर एकदा मी स्वतः शेण खाल्लं आहे. धंद्यातलं दुसरं वर्ष. अमावस्येनंतरचा दुसरा दिवस, भरती दुपारी एक-दीडला. पाहुणे सहा, जेवण लांबलं, आणि मी ‘अजून पाणी आहे की’ म्हणत अडीच वाजता त्यांना एका अरुंद व्हाळात, म्हणजे ओहोळात, घेऊन गेलो. उधाणाचं पाणी जेवढं चढतं तेवढंच घाईने उतरतं. मांडवीत ही चढउतार दोन मीटरच्या आसपास, मुंबईच्या निम्मीही नाही, पण व्हाळाची खोलीच मुळात मीटरभर. साडेचारला आमच्या सहाही कायाक चिखलावर बसल्या होत्या, सरळ, शिस्तीत, दुकानात मांडल्यासारख्या. एक जण ‘ढकलतो’ म्हणून खाली उतरला आणि मांडीपर्यंत गेला. अशा वेळी पाय वर ओढायचा नसतो, ओढला की रेंदा आणखी धरतो. अंग कायाकवर आडवं टाकायचं, वजन पसरायचं, पाय गोल गोल हलवत पाणी आत शिरू द्यायचं आणि चप्पल तिथेच सोडून द्यायची. तो निघाला. पण बाकीच्यांना घेऊन बांधापर्यंतचं चाळीस पावलांचं अंतर कापायचं कसं? शेवटी काळोख पडल्यावर खेकडे धरायला आलेल्या एका काकांना आमची बॅटरी दिसली. त्यांनी बांधावरच्या माडाच्या झावळ्या चिखलावर अंथरल्या आणि आम्ही त्यावरून एकेक करून बाहेर आलो. चिलटांनी तोवर सगळ्यांचे कान सुजवले होते. काका मला एवढंच म्हणाले, ‘पंचांग नाही का रे तुझ्याकडे?’ त्या दिवसापासून माझ्या जाकिटाच्या खिशात कोष्टक असतं.

आता पोहता न येण्याचं. शांत फाट्यात, अंगात नीट बांधलेलं लाइफ जॅकेट असेल तर पोहता न येणं हे न जाण्याचं कारण नाही. मात्र ‘नीट बांधलेलं’ म्हणजे काय ते स्वतः तपासा: जॅकेटचे खांदे कोणाला तरी दोन्ही हातांनी वर उचलायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे किंवा मोठं आहे. मुलीसाठी मुलांच्याच मापाचं मागा. मोठ्याचं जॅकेट आवळून लहानाला घालणं हा सर्रास दिसणारा प्रकार आहे, ते पाण्यात वर सरकतं आणि पोर खाली राहतं. मुलीला पोहता येतं म्हणून तिचं जॅकेट सैल ठेवू नका. तलावात पोहणं वेगळं आणि ओढीच्या पाण्यात पोहणं वेगळं.

निघण्यापूर्वी गाइडने कमरेएवढ्या पाण्यात एकदा तरी सगळ्यांना मुद्दाम पाडून पुन्हा चढायला शिकवलं पाहिजे. हे करायला वीस मिनिटं जातात म्हणून अनेक जण टाळतात. तुम्ही आग्रह धरा. ज्याला एकदा पडून वर येता आलं तो पुढचे दोन तास निवांत बसतो, आणि निवांत बसलेला माणूस सहसा पडतच नाही. आणखी दोन गोष्टी पाहा: चार-पाच कायाकमागे एक गाइड असावा, आणि सगळ्यांच्या शेवटी एक जाणता माणूस असावा. पुढे जाणारा वाट दाखवतो, पण अडचण नेहमी शेवटच्या कायाकला येते.

आमच्याकडे वापरतात त्या उघड्या, वर बसायच्या प्लॅस्टिकच्या कायाक असतात. तळाला आरपार भोकं असतात, त्यातून वर आलेलं पाणी निघून जातं. भोकं पाहून घाबरू नका, बूच मारायला तर मुळीच जाऊ नका. दोघांच्या कायाकमध्ये जड माणूस मागे. म्हणजे मुलगी पुढे आणि तुम्ही मागे, पत्नी गाइडबरोबर किंवा एकटी. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने तो पाळायचा आणि दिशा सांभाळायची. मुलांच्या मागे बसलेले बाप सहसा दोन्ही कामं स्वतःच करू पाहतात आणि वल्ही एकमेकांवर आपटतात. मुलीच्या तालावर चाला. वल्हं मुठीत आवळू नका, कमरेपासून वळा, पायाच्या बोटांजवळ पात बुडवा आणि कुल्ल्याजवळ बाहेर काढा. दंडाच्या जोरावर वल्हवणारा अर्ध्या तासात दमतो.

बहुतेक लोक कुठे उलटतात, माहीत आहे? लाटेत नाही. कांदळाची फांदी धरून. बोळकांडीत वेग कमी करायला म्हणून वरची फांदी पकडतात, फांदी जागच्या जागी राहते, कायाक पुढे जाते, आणि माणूस मधे लोंबतो. फांदी धरायची नाही. मुळांनाही हात लावायचा नाही, त्यांवर कालवं असतात, ब्लेडसारखी कापतात.

आता पायी फेरीकडे येतो, कारण लोक कायाकसाठी येतात आणि परत जाताना चालण्याबद्दल बोलतात. मांडवीतल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, 178 हेक्टरचं, 1988 साली जाहीर झालेलं. रायबंदरहून फेरीने पलीकडे उतरलात की धक्क्याजवळच. वनखात्याचं तिकीट काढून कांदळवनातल्या पायवाटेने मनोऱ्यापर्यंत जाता येतं. एक लक्षात ठेवा, अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कायाक घालता येत नाही. ‘आपण आतून शॉर्टकट मारू’ म्हणणाऱ्या गाइडला तिथेच थांबवा.

फेरीत वेग धरू नका. मी पाहुण्यांना आधी एका तिवराजवळ उभं करतो. तिवर ओळखायचं ते खालच्या मुळांवरून: चिखलातून हजारो पेन्सिली उभ्या रोवल्यासारख्या दिसतात. ती श्वास घेणारी मुळं, कारण त्या गाळात हवा नसते. चिपीचीही मुळं अशीच वर येतात, पण जाड आणि निमुळती. कांदळ मात्र वरून कमानी सोडतो, कोळ्याचे पाय पसरल्यासारखा. मग मुलीला तिवराचं एक पान दाखवायचं. सकाळी कोरड्या हवेत पानावर बारीक पांढरे कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावायला सांगा. मीठ! मुळातून आलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. मुलं त्यानंतर प्रत्येक झाडाची चव घ्यायला बघतात, म्हणून लगेच पुढचं झाड दाखवतो ते हुरा, काही जण गेवा म्हणतात. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती. तिवर चाखायचा, हुऱ्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकाच दमात शिकवलेलं बरं.

कांदळाखाली हातभर लांबीच्या हिरव्या काठ्या लटकताना दिसतील. शेंगा नव्हेत त्या. बी झाडावरच रुजलेलं असतं आणि त्याचं रोपच खाली लोंबतं. सुकतीला पडलं तर तिथेच रुततं, भरतीला पडलं तर तरंगत दुसरीकडे जातं. चिपीची पांढरी फुलं रात्री उमलतात, सकाळी गेलात तर पाण्यावर त्यांचे गळालेले केसर तरंगताना दिसतील. महाराष्ट्राने 2020 मध्ये याच पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्ष ठरवलं, सिंधुदुर्गात परत जाताना दिसली तर ओळख ठेवा.

मग बसायचं. खरंच बसायचं, दहा मिनिटं, न बोलता. चिखल आधी रिकामा वाटतो. दोन मिनिटांनी कुठूनतरी टिक, टिक असा आवाज यायला लागतो, बोटं मोडल्यासारखा. त्या चिखलातल्या छोट्या कोळंब्या, नांगी आपटतात. पाच मिनिटांनी बिळांच्या तोंडाशी फिडलर खेकडे येतात. नराची एक नांगी अंगाएवढी, केशरी किंवा पांढरी, दुसरी चिमुकली. चिमुकलीने तो चिखल तोंडात टाकतो, त्यातलं काय हवं ते चाळून घेतो आणि उरलेल्याच्या बारीक गोळ्या करून बाहेर ठेवतो. मोठी नांगी खायच्या कामाची नाही. ती तो वर-खाली हलवतो, मादीला बोलवायला आणि शेजाऱ्याला दटावायला. एकाने हलवली की पलीकडचा हलवतो, मग सगळा चिखल हात दाखवायला लागतो. तेवढ्यात एखादी निवटी परांवर रांगत मधे येते, डोळे डोक्यावर, ओलं अंग चकाकतंय. मासा असून पाण्याबाहेर बसते आणि अंग सुकायला लागलं की कूस बदलून डबक्यात लोळते. तुम्ही हाताने डास मारलात की सगळं एका क्षणात बिळात. पुन्हा पाच मिनिटं थांबा.

पक्ष्यांचं थोडक्यात: डिसेंबरात तुताऱ्या शेपटी हलवत काठाकाठाने फिरतात, बगळे, वंचक, दोन-तीन जातींचे खंड्या, ब्राह्मणी घार नक्की. दुर्बीण आणा, मोठा कॅमेरा कायाकमध्ये आणू नका.

मगरी. हो, आहेत. मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवें कालव्यात त्या नेहमी दिसतात, खाऱ्या पाण्यात राहणारी ही आपली नेहमीची मगरच. चोडणच्या बाजूलाही अधूनमधून दिसते. हिवाळ्यात सुकतीला, ऊन चढलं की काठाच्या चिखलावर पडून असते. पाहायची तर मोठ्या बोटीतून पाहावी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मी कायाक घालत नाही आणि घालणाऱ्याबरोबर जाऊ नका असं सांगेन. कायाकमध्ये तुम्ही पाण्याच्या पातळीवर बसलेले असता, मगरीच्या डोळ्यासमोर. इतर फाट्यांतही हात पाण्यात सोडून बसणं, पोहायला उडी मारणं, संध्याकाळी अंधार पडेपर्यंत रेंगाळणं नको. गावकरी तिला घाबरतात तसे मानतातही. बोरीच्या बाजूला पौष अमावस्येला खाजणाच्या बांधावर चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, ‘मानगे थापणी’ म्हणतात तिला. खाजण म्हणजे बांध घालून खाडीतून मिळवलेली शेती, आणि त्या बांधाची राखण मगरीने करावी अशी ती विनंती. तुमच्या फेरीत बांधावरून चालाल तेव्हा मानस, म्हणजे बांधातली पाणी अडवायची लाकडी दारं, दिसतील, भरतीचं पाणी आलं की दारं आपोआप मिटतात, सुकतीला उघडतात. तिथे पाच मिनिटं द्या.

वडिलांचं. उघड्या कायाकमध्ये पाय लांब करून बुडाशी बसावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, तोही डुगडुगत्या तळावर. बदललेल्या गुडघ्याला हे नको. चोडणची पायवाट त्यांना जमेल, ती चिखलावरून जात नाही. पाण्यावरही न्यायचं असेल आणि परतताना सिंधुदुर्गातून जाणार असाल, तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत (नाव तेच, पण गोव्याची मांडवी नव्हे) बचतगटाच्या महिला 2017 पासून कांदळवन सफर करतात. फळीवर बसायची होडी, वल्ही त्यांची, इंजिनाचा आवाज नाही. झाडांची माहिती त्या आमच्यासारख्यांपेक्षा बरी सांगतात, कारण त्यांचं लहानपण त्या झाडांखाली खेकडे वेचण्यात गेलेलं असतं. मला विचाराल तर एक सकाळ तुम्ही तिघांनी कायाकमध्ये घालवा आणि चौघांनी मिळून वेंगुर्ल्याची होडी करा. वडील पाहुणे म्हणून काठावर सामान राखत बसलेले मी फार पाहिले आहेत.

कपड्यांचं एका दमात: जीन्स नको, ओली झाली की दगड होते. पूर्ण बाह्यांचा हलका टी-शर्ट, दोरीची टोपी, चष्म्याला दोरी. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हास, फ्लिपफ्लॉप चिखल पहिल्या पावलाला गिळतो. माणशी लिटरभर पाणी. मोबाइल कोरड्या पिशवीत, पिशवी कायाकला बांधलेली. सकाळी निघताना पोटभर खाऊ नका, पाव-पातळभाजी परतल्यावर. आणि हॉटेलवर जाईपर्यंत थांबू नका, धक्क्यावरच नळ शोधून सँडल धुवा. खाडीचा चिखल सुकला की पट्ट्यांत दगडासारखा बसतो, आणि पुण्यापर्यंत गाडीत त्याचा वास येतो.